निळ्या जीपपासून ११२ पर्यंत: पोलीस गाडीला तुमची जागा कळते कशी?

गेल्या गणपतीला गावी जाताना कशेडीच्या जुन्या घाटात आमच्या पुढची बाईक घसरली. मी लगेच ११२ लावला. पलीकडून प्रश्न आला, "घाटात नक्की कुठे?" कॉल लागला होता, पण डेटा नव्हता, मॅप कोरा. मी इंजिनिअर, हातात महागडा फोन, आणि मला सांगता येईना! शेवटी पडलेल्या बाईकवाल्यानेच समोरचा किलोमीटरचा दगड वाचून दाखवला.

पोलीस गाड्यांची बरीचशी प्रगती या एका प्रश्नाभोवतीच झालीय: "कुठे?"

१८९९ मध्ये अमेरिकेतल्या ॲक्रन शहरात पोलिसांना पहिली मोटार मिळाली, तीही चक्क इलेक्ट्रिक. पण एकदा निघाली की तिला निरोप द्यायची सोय नव्हती. १९२८ मध्ये डेट्रॉइटच्या गाड्यांत रेडिओ बसला, पण एकतर्फी. पोलिसांना नुसतं ऐकू यायचं, उत्तर देता यायचं नाही. १९३३ मध्ये बेयॉन शहराने दुतर्फी रेडिओ वापरात आणला.

आपल्याकडची ओळखीची गाडी म्हणजे निळी जीप. तिच्यावर लांब, डुलणारी अँटेना आणि आत वायरलेस. याचा व्हीएचएफ सिग्नल साधारण सरळ रेषेत जातो, मध्ये डोंगर आला की अडतो. म्हणून उंच जागी रिपीटर लावतात. तो एका बाजूचा संदेश पकडून पलीकडच्या दरीत पोचवतो.

पुढे १९९४ मध्ये टाटा सुमो आणि २००० मध्ये महिंद्रा बोलेरो बाजारात आल्या. दोन्ही पोलीस ताफ्यात रुळल्या. आज ११२ च्या गाडीत जीपीएस आणि टॅबसारखं मोबाईल डेटा टर्मिनल असतं. कंट्रोल रूमला जवळची गाडी नकाशावर दिसते, तुमच्या कॉलची माहिती थेट गाडीतल्या स्क्रीनवर जाते.

म्हणजे पोलीस कुठे आहेत ते कळलं. तुम्ही कुठे आहात? नुसत्या टॉवरवरून कळणारी जागा ढोबळ असते, आणि घाटात टॉवर विरळ. कशेडीच्या नव्या बोगद्यात तर जीपीएसला आकाशच दिसत नाही.

म्हणून तीन गोष्टी सांगा: जुना घाट की बोगदा, तोंड पोलादपूरकडे की खेडकडे, आणि शेवटचा किलोमीटरचा दगड. स्वतःच्या सिमला रेंज नसेल तरी ११२ लावून बघा, फोन दुसऱ्या कंपनीचं नेटवर्क शोधतो.

आता मी घाटात शिरलो की दगड वाचत जातो.