चाकोरीबाहेर जायचंय? आधी गाडीची उंची ठरवा!

पावसाळा आला की ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये एक विषय हमखास निघतो. ‘यार, गाडी लिफ्ट करायचीय. दोन इंच करू की चार?’ विचारणारा बहुतेक वेळा नवाकोरा थारवाला असतो, नाहीतर गावाकडची जुनी जीप पुण्यात आणून रंगवलेला एखादा शौकीन. उत्तर देणारे सगळेच एक्सपर्ट! एक म्हणतो स्पेसर टाक, दुसरा म्हणतो स्प्रिंगच बदल, तिसरा मोबाइलवर चार इंच उचललेल्या गाडीचा फोटो दाखवतो आणि चर्चा तिथेच संपते. कारण फोटोत गाडी जाम भारी दिसत असते.

भारी दिसावी म्हणून गाडी उचलायची, यातही लाजण्यासारखं काही नाही. शौक आहे, पैसे तुमचे आहेत. पण तुमच्या गाडीला मॉलच्या पार्किंगपलीकडचा, खरोखरचा चिखल तुडवायचा असेल, तर पहिला प्रश्न ‘किती इंच’ हा नसतो. पहिला प्रश्न असतो, गाडीचं नेमकं काय टेकतंय?

उदाहरणाला शिरड शहापूर घेऊ. हिंगोली जिल्हा, औंढा नागनाथ तालुका. औंढ्याहून वसमतकडे जाताना लागणारं हे गाव मल्लिनाथांच्या दिगंबर जैन मंदिरामुळे बाहेरच्यांनाही ठाऊक आहे. भोवती हळद, सोयाबीन, कापूस आणि काळीभोर जमीन. या पट्ट्यातल्या कितीतरी मुलामुलींचा पगार आज पुण्या-मुंबईत होतो आणि सात-बारा इकडे असतो. सोयाबीनच्या काढणीला, दिवाळीला, लग्नाला गाडी काढायची आणि निघायचं. पुण्याहून चारशेपेक्षा जास्त किलोमीटर हायवे आणि शेवटी शेतातल्या आखाड्यापर्यंत दोन-तीन किलोमीटर पांदण. सगळं गणित या दोन आकड्यांमध्ये आहे. लिफ्ट करायची म्हणता ती त्या दोन-तीन किलोमीटरसाठी. पण तिची किंमत गाडी मोजते ती चारशे किलोमीटरवर!

आता ती पांदण बघा. काळ्या मातीतली चिकण पाणी पिऊन फुगते आणि वाळली की भेगाळते. पाऊस पडून गेल्यावर ट्रॅक्टर या रस्त्याने जातात आणि त्यांच्या उंच चाकांनी दोन खोल चाकोऱ्या पडतात. दोन्हींच्या मध्ये मातीचा उंच वरंबा राहतो. तुमची गाडी चाकोरीत उतरली की चाकं खाली जातात आणि पोट वरंब्यावर येतं. पोटातला सगळ्यात खालचा भाग कुठला? बहुतेक गाड्यांत, मागच्या ॲक्सलच्या मधोमध असलेला डिफरन्शियलचा गोळा. तो वरंब्यात नांगरासारखा घुसतो, चाकं जागेवर फिरतात आणि काकांना ट्रॅक्टर घेऊन यायला फोन जातो.

इथेच कॅन्टीनमधले फंडे गडबडतात. मागे सॉलिड ॲक्सल असलेल्या गाडीत, म्हणजे दोन्ही चाकं एकाच दांड्याला जोडलेल्या गाडीत, तुम्ही स्प्रिंग दोन इंच वाढवा नाहीतर सहा इंच, तो गोळा एक मिलिमीटरही वर जात नाही! कारण तो ॲक्सलवर आहे आणि ॲक्सल चाकांवर. स्प्रिंग उचलते ती चासी आणि बॉडी. गोळा वर न्यायचा तर टायरच मोठा घ्यावा लागतो आणि तिथेही वाढलेल्या व्यासाचा निम्माच फायदा मिळतो. २०२० च्या थारला २५५/६५ आर१८ चे टायर येतात. समजा तुम्ही २५५/७० आर१८ टाकले, तर व्यास साधारण २६ मिलिमीटरने वाढेल आणि गोळा वर जाईल फक्त १३ मिलिमीटर. शिवाय स्पीडोमीटर १०० दाखवेल तेव्हा तुम्ही जवळपास १०३ ने पळत असाल.

मग लिफ्ट कशाला? तर बांध ओलांडायला, नाल्यात उतरून वर चढायला. तिथे टेकतात ते पुढचा बंपर, पायरी, सायलेन्सर, ट्रान्सफर केस. हे सगळं चासीबरोबर वर जातं, म्हणून बांधावर लिफ्टचा सॉलिड फायदा होतो आणि चाकोरीत जवळपास शून्य. तेव्हा गाडी उचलायच्या आधी एकदा तिच्याखाली वाकून बघा. चिखल आणि ओरखडे कुठे आहेत तेच तुम्हाला सांगतील.

कुठली पद्धत, कुठल्या गाडीला?

बॉडी लिफ्ट सगळ्यात स्वस्त. चासी आणि बॉडी यांच्यामध्ये ठोकळे बसवायचे. गाडी उंच दिसते, मोठ्या टायरला जागा होते, पण चासीखालचं काहीच हलत नाही. वर स्टिअरिंगचा शाफ्ट, गिअरचा दांडा, डिझेल भरायचा पाइप यांची ओढाताण. कामाच्या गाडीला मी हा पर्याय सुचवणार नाही.

स्पेसर म्हणजे स्प्रिंगच्या वर बसवायची चकती. पद्धत सोपी, खर्च कमी, मूळ स्प्रिंग तशीच राहते. पण यात एक गोम आहे. २०२० नंतरच्या थारमध्ये पुढे स्वतंत्र डबल विशबोन सस्पेन्शन आहे. त्यात स्प्रिंग चाकावर नसून हाताच्या, म्हणजे आर्मच्या, अधेमधे बसते. त्यामुळे वर एक इंचाची चकती टाकली की चाकापाशी एक इंचापेक्षा जास्त लिफ्ट मिळते. दुकानदाराला ‘चकती किती जाड’ हे विचारू नका, ‘चाकाच्या कमानीपाशी गाडी किती वर जाईल’ हे विचारा. तो गोंधळला, तर दुकान बदला.

याच गाडीत पुढचा डिफरन्शियल चासीला बांधलेला असल्यामुळे लिफ्टबरोबर तो वर जातो, ही जमेची बाजू. पण त्यातून चाकांकडे जाणारे ड्राइव्हशाफ्ट मग उतरते होतात. त्यांच्या टोकाचे सीव्ही जॉइंट जास्त कोनात फिरायला लागतात, त्यांच्यावरचे रबरी बूट लवकर फाटतात आणि एकदा बूट फाटला की आत काळी माती जाते. पुढचं सांगायला नको.

माझं मत विचाराल तर अशा गाडीला पुरेशी तपासलेली स्प्रिंग आणि तिच्याच जोडीचे शॉकअप घ्यावेत, आणि दोन इंचांवर थांबावं. नुसती लांब स्प्रिंग आणि जुनेच शॉकअप ही जोडी म्हणजे भाडं वाचवायला अर्ध्या रस्त्यात उतरणं. चाक खाली लोंबलं की शॉकअप आधी संपतो आणि दर खड्ड्याला ‘ठक्क’ असा आवाज येतो. मागच्या ॲक्सलला आडवा धरणारा दांडा असेल, तर गाडी वर गेल्यावर तो ॲक्सलला थोडं बाजूला ओढतो. चार इंचांच्या लिफ्टमध्ये हे सगळं दुरुस्त करायला ब्रॅकेट, लांब ब्रेक होज, बदललेले आर्म असा संसारच मांडावा लागतो. कोटेशनमध्ये यातलं काही नसेल, तर ते कोटेशन अर्धंच आहे.

२०१० ची थार सीआरडीई असेल तर मामला वेगळा. तिच्या पुढच्या चाकांना टॉर्शन बार आहे, म्हणजे पिळ खाणारी सळई. बोल्ट आवळला की पुढची बाजू वर. एक पैशाचा पार्ट लागत नाही, त्यामुळे मोह जबरदस्त! पण इथे चाकाची एकूण हालचाल वाढत नाही. वर जायची जागा वाढते ती खाली जायच्या जागेतून चोरलेली असते. जास्त आवळलं की खड्ड्यात चाक खाली उतरतच नाही आणि गाडी आदळते. थोडं आवळा, लगेच अलाइनमेंट करा आणि विसरून जा.

जिप्सी आणि विलीज घराण्याच्या जुन्या जीपमध्ये कमानपाटे ॲक्सलच्या खालून जातात. तेच पाटे ॲक्सलच्या वर बसवले की गाडी एकदम पाचेक इंच उचलली जाते. जुन्या गॅरेजवाल्यांचा हा लाडका प्रयोग आणि डोंगरात स्पर्धेसाठी खास ठेवलेल्या जीपला तो शोभतोही. पण जोर लावला की पाटे पिळवटतात, स्टिअरिंगचे दांडे नव्याने बसवावे लागतात, प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलून क्रॉस खराब होतात. ज्या जीपने घरची माणसं घेऊन नगर-बीडमार्गे गावी जायचं, तिला हे अजिबात करू नका.

आणि पिकअप? बोलेरो पिकअप असो की इसुझूची व्ही-क्रॉस, मागे कमानपाटेच आहेत. हळदीची पोती भरल्यावर मागचा भाग बसतो म्हणून लोक लिफ्ट मागतात. त्यांना खरं तर लिफ्ट नकोच असते, वजन पेलणारा पाटा हवा असतो. एक पाटा वाढवला की भरलेली गाडी सरळ उभी राहते. मात्र रिकामी गाडी उसळते आणि मागे बसलेल्यांच्या कमरेचा हिशेब होतो. एरवी गाडी रिकामीच फिरणार असेल, तर त्यापेक्षा पोती कमी भरा.

हायवेवरचा हिशेब

गाडी किती सहज कलंडेल हे ढोबळमानाने एका गुणोत्तरावर ठरतं. दोन चाकांमधल्या अंतराचा अर्धा भाग भागिले गुरुत्वमध्याची उंची. समजा चाकांमधलं अंतर १५०० मिलिमीटर आणि गुरुत्वमध्य ७५० वर आहे. गुणोत्तर आलं १. चार इंच लिफ्टने गुरुत्वमध्य ८०-९० मिलिमीटर वर गेला, की ते ०.९ च्या आसपास उतरतं. कागदावर फरक छोटा वाटतो. रात्री अकराला ट्रकला ओव्हरटेक करताना समोर गाय आली आणि तुम्ही झटक्यात स्टिअरिंग वळवलं, तर तो छोटा राहत नाही. वर मागच्या सीटवर आई-बाबा आणि टपावर सामान!

कायद्याचंही बघायला हवं. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं, की निर्मात्याच्या मूळ तपशिलांशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे सांगितलं. म्हणजे काम करण्याआधी आरटीओकडे विचारणा करा आणि इन्शुरन्स कंपनीला लेखी कळवा. न कळवता केलेला बदल अपघातानंतर क्लेमच्या वेळी नेमका आडवा येतो. वॉरंटीचा कागदही एकदा नीट वाचा.

तर शिरड शहापूरच्या पांदणीसाठी माझा क्रम असा. आधी चांगले ऑल-टेरेन टायर. काळी माती खाचांत भरून टायरचा लाडू करतेच, पण हायवेवर तेच टायर कामाचे. पांदणीच्या तोंडाशी हवा १८-२० पीएसआयपर्यंत उतरवायची आणि डांबरावर आलं की छोट्या कंप्रेसरने परत भरायची. न भरता हायवेला लागायचं नाही, टायर तापून फुटतो. सोबत एक मजबूत दोर आणि दोन शॅकल. चाकोरीत उतरायचंच नाही, एक चाक वरंब्यावर आणि दुसरं कडेला ठेवून चालवायचं. हे सगळं करूनही बंपर बांधाला घासत असेल, तर दीड-दोन इंचांची स्प्रिंग आणि शॉकअप. आणि रात्रभर पाऊस झाला असेल तर उघडीप मिळेपर्यंत गाडी डांबरावर लावून आखाड्यापर्यंत चालत जायचं. गावातले लोक हेच करतात आणि त्यांच्याकडे तर ट्रॅक्टर आहेत!

काम करून घेतल्यावर गॅरेजमधून लगेच निघू नका. अलाइनमेंटचा रिपोर्ट हातात घ्या. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून टायर कुठे घासतोय का बघा आणि गाडी जॅकवर घेऊन चाक लोंबतं ठेवा. ब्रेकचा होज ताणलेला दिसला तर तो बदलल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नका. पाचशे किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा आवळून घ्या. आणि हो, हेडलाइट खाली करून घ्यायला विसरू नका. गाडीचं नाक वर गेलं की झोतही वर जातो आणि समोरून येणारा बाइकवाला काही क्षण आंधळा होतो.