पट्टा काढला, दांडा बसवला : एका छोट्या गाडीची कारणमीमांसा

मागच्या वेळी आपण कारण म्हणजे काय, यावर बोललो. घट आणि माती, धूर आणि अग्नी ही नेहमीची उदाहरणं झाली. व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी विचारलं, "सर, घट सोडून दुसरं काही उदाहरण नाही का तुमच्याकडे?" प्रश्न रास्त होता. म्हणून आज मी ही वस्तू सोबत आणली आहे. रिमोटवर चालणारी बग्गी. खऱ्या गाडीच्या साधारण एक दशांश मापाची, चारही चाकांना जोर मिळणारी. माझा नातू धुळ्याला डिप्लोमाला आहे, गाडी त्याची. ती बिघडवण्यात मात्र माझा वाटा मोठा आहे. तीच हकिगत आज सांगणार आहे.

आधी रचना समजून घेऊ. मोटर एकच, ती गाडीच्या मध्यावर. चाकं दोन आसांवर, एक पुढे आणि एक मागे. मोटरचं फिरणं तिथपर्यंत न्यायचं कसं? मार्ग तीन : साखळी, पट्टा आणि दांडा. १९८५ साली जपानमधल्या दोन कंपन्यांनी दोन वेगळी उत्तरं दिली. तामियाची हॉट शॉट दांड्यावर चालायची, क्योशोची ऑप्टिमा साखळीवर. पुढे ब्रिटनच्या शूमाकर कंपनीची कॅट पट्ट्यावर गाजली. म्हणजे वाद जुना आहे आणि तिन्ही पक्षांना अनुयायी आहेत.

पट्टा आपल्याला नवा नाही. मी अमळनेरचा. प्रताप मिलचा भोंगा ऐकत वाढलो. ज्या प्रतापशेठांनी ती गिरणी चालवली, त्यांनीच १९१६ साली अमळनेरला तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं. यंत्र आणि तत्त्वज्ञान एका गावात नांदू शकतं, हे मला त्यामुळे लहानपणीच ठाऊक होतं. त्या काळच्या कारखान्यांत छताखालून एक लांब दांडा फिरायचा आणि त्यावरून प्रत्येक यंत्राला पट्टा उतरायचा. ते ज्यांनी पाहिलं नसेल, त्यांनी गल्लीतली पिठाची गिरणी तर पाहिलीच आहे. मोटर एकीकडे, जातं दुसरीकडे, मध्ये पट्टा.

नातवाच्या बग्गीत असे दोन पट्टे होते, रबराचे आणि दात असलेले. एक पुढच्या आसाला, एक मागच्या. गाडी हलकी आणि आवाज कमी. मग बदलायची कशाला? कारण आपली जमीन. धुळ्यात तो पांझरेच्या काठी गाडी पळवायचा. वाळू, मुरूम, बारीक खडे. खडा पट्टा आणि पुलीच्या मध्ये गेला की पट्ट्याचे दात सोलले जातात. पट्टा सैल पडला की दात उडी मारतात आणि टर्र टर्र असा आवाज येतो. एका उन्हाळ्यात तीन पट्टे गेले. दांड्याचे गिअर मात्र बंद डब्यात ग्रीसमध्ये असतात, तिथे धूळ सहसा जात नाही. एका मोडक्या गाडीचे पुढचे आणि मागचे डबे मिळाले. सुट्टीत नातू जळगावला आला आणि आम्ही कामाला लागलो.

आता इथे माझी पहिली चूक. मी धरून चाललो की पट्ट्याचं काम एकच, फिरणं इकडून तिकडे नेणं. ते काम दांडा करेल, की झालं! प्रत्यक्षात पट्टा आणखी बरीच कामं मुकाट्याने करत होता.

पहिलं, दिशा. पट्ट्याच्या गाडीत मोटर आडवी असते आणि चाकांचे आसही आडवे. सगळे समांतर, म्हणून दोन्ही आस एकाच दिशेने फिरतात. दांडा मात्र गाडीच्या लांबीत जातो. आम्हाला मोटर लांबीत वळवून बसवावी लागली, चेसिसला नवी भोकं पाडावी लागली. शिवाय दांड्याचं फिरणं दोन्ही टोकांना काटकोनात वळवावं लागतं. गॅरेजवाले ज्याला क्राउन-पिनियन म्हणतात, ती जोडी हेच करते. जीपच्या मागच्या हौजिंगमध्येही तीच असते.

आम्ही दोन्ही क्राउन डाव्या बाजूला बसवले. दोन्हीकडे सारखं, दिसायला नीटनेटकं. गाडी जमिनीवर ठेवली, रिमोट दाबला, तर ती जागच्या जागी थरथरली. उचलून पाहिलं, तर पुढची चाकं पुढे फिरत होती आणि मागची मागे!

का? चाक पुढे धावतं तेव्हा त्याची मागची बाजू वर जाते आणि पुढची खाली येते. पुढच्या आसाला दांडा मागच्या बाजूने भेटतो. मागच्या आसाला पुढच्या बाजूने. फिरत्या दांड्याची डावी बाजू वर जात असेल, तर उजवी खाली जाते. म्हणून पुढच्या आसाला वर नेणारी डावी बाजू हवी आणि मागच्या आसाला खाली नेणारी उजवी. एक क्राउन डावीकडे, दुसरा उजवीकडे. मागचा डिफरन्शियल उलटा करून बसवला आणि गाडी चालली.

दुसरं, प्रमाण. जुन्या रचनेत मोटरवरच्या पिनियनला २० दात होते आणि मोठ्या गिअरला ८०, म्हणजे ४ पट. पुढे पुलींमध्ये २ पट. एकूण ८. मोटरचे ८ फेरे, तेव्हा चाकाचा १. नव्या डब्यांत पिनियन १६ दातांचा आणि क्राउन ४० चा, म्हणजे अडीच पट. ४ गुणिले अडीच, १०. गाडीचा वेग एक पंचमांशाने उतरला. मोटरवर २५ दातांचा पिनियन लावला. ८० भागिले २५ म्हणजे ३.२, गुणिले २.५, पुन्हा ८. पुढचं आणि मागचं प्रमाण सारखंच हवं, नाहीतर दोन आस एकमेकांशी भांडत राहतात. आमचे दोन्ही डबे एकाच गाडीचे होते, म्हणून ते निभावलं.

तिसरं, अंतर. क्राउन आणि पिनियन जोर आला की एकमेकांना दूर ढकलतात. फट जास्त राहिली तर दात सटकतात, कमी राहिली तर घासून तापतात. पातळ वायसर घालत, काढत, हाताने फिरवून पाहत बसायचं. किंचित खेळ राहिला पाहिजे. यात आमची एक अख्खी दुपार गेली.

चौथं काम सगळ्यात महत्त्वाचं आणि तिथेच मी घात केला. मोठ्या गिअरजवळ एक स्लिपर क्लच असतो. दोन चकत्या, एक स्प्रिंग, एक नट. धक्का आला की चकत्या घसरतात. नातू म्हणाला, "आजोबा, नट थोडा सैल ठेवू." मी म्हणालो, "घसरणं म्हणजे शक्ती वाया. आवळ पूर्ण." चाळीस वर्षं वर्गात शिकवलेल्या माणसाचा आवाज होता तो. पोराने आवळला.

गिरणेच्या वाळूत गाडी झकास पळाली. मग त्याने उंचवट्यावरून उडी मारली. हवेत चाकांना अडवणारं काही नसतं, ती भन्नाट फिरतात. जमिनीला टेकताच चाकं एकदम रोखली जातात, पण मोटर तिच्या वेगाने फिरतच असते. तो झटका कुठे जाणार? पूर्वी रबराचा पट्टा थोडा ताणला जायचा आणि झटका पचवायचा. दांडा ताणला जात नाही. स्लिपर मी बंद केलेला. कट्ट असा आवाज आला आणि मागच्या क्राउनचे चार दात गेले. तिथे उभा असलेला एक मुलगा अहिराणीत म्हणाला, "काय व्हयनं?" नातू काही बोलला नाही. माझ्याकडे त्याने पाहिलंही नाही. त्या गाडीसाठी तो वर्षभर पैसे साठवत होता.

घरी येताना मला पिठाची गिरणी आठवली. जात्यात खिळा अडकला की पट्टा उतरतो. आपण चिडतो, "पट्टा उतरला!" पण पट्टा उतरतो म्हणून मोटर वाचते. जे मला दोष वाटत होतं, ते काम होतं.

आता आपल्या विषयाकडे. नैयायिक कारण ओळखायला अन्वय आणि व्यतिरेक वापरतात. माती आहे तर घट आहे, हा अन्वय. माती नाही तर घट नाही, हा व्यतिरेक. पट्टा होता तोवर गाडी धडपणे चालत होती, पण त्या चालण्यात पट्ट्याचा वाटा नेमका किती, हे अन्वयाने मला कळलं नाही. पट्टा काढला तेव्हाच, व्यतिरेकाने, एकेक काम दिसू लागलं. शिवाय नैयायिक एक गोष्ट आग्रहाने सांगतात : प्रतिबंधकाचा अभाव, म्हणजे आड येणारं काही नसणं, हेही कारणच असतं. दात न तुटणं हेसुद्धा कुणीतरी घडवत असतं.

म्हणून तुमच्यापैकी कुणी असा बदल करणार असेल, तर पट्टा काढण्याआधी कागदावर लिहा की तो काय काय करतो. दिशा कोण सांभाळेल? प्रमाण कोण? धक्का कोण सोसेल? धक्का काही नाहीसा होत नाही, तो सोसणारा बदलतो. तो कोण असावा हे आपण ठरवलं नाही, तर सगळ्यात नाजूक दात ते ठरवतो. स्लिपर इतकाच आवळा, की गाडी सुटताना हातभर अंतर तो किंचित घसरेल.

नवा क्राउन मी आणून दिला. नट कुणी आवळायचा, हे मात्र नातवाने ठरवलं. मी फक्त टॉर्च धरली. आज गाडी पट्ट्यापेक्षा थोडी जड आहे, आवाजही जास्त करते, आणि मोटर लांबीत असल्याने एकदम वेग दिला तर एका अंगाला किंचित कलते. पण वाळूत थांबत नाही. बाहेर मोकळी जागा आहे. ज्यांना पाहायचंय त्यांनी या, नातू आलाय. रिमोट त्याच्याच हातात असेल.