रात्रींचे भांडवल

देवयानी ही बहुधा सर्वाधिक छायाचित्रे निघालेली दीर्घिका. तिच्या शेजारी पूर्णचंद्राच्या सुमारे तिप्पट लांबीची, आयनीभूत ऑक्सिजनची एक कमान पसरली आहे, हे मात्र २०२२ पर्यंत कुणाला ठाऊक नव्हते. ती सापडली यान सेंटी, झेवियर स्ट्रॉटनर आणि मार्सेल ड्रेक्सलर या हौशी निरीक्षकांना, तीही १०६ मिलिमीटर व्यासाच्या दुर्बिणीतून. महाकाय दुर्बिणींची ताकद कमी पडली असे नाही. त्यांच्या नजरेत आकाशाचा इवलासा तुकडा मावतो आणि त्यांचा तास न् तास मंजूर प्रस्तावांसाठी राखलेला असतो. काही हाती लागेल याची हमी नसताना एकाच जागी रात्रीमागून रात्र घालवण्याची मुभा हौशी माणसालाच असते. वेळ हेच त्याचे भांडवल.

हे भांडवल कसे फळते, ते पाहण्यासारखे आहे. पृथ्वीच्या फिरण्याशी जुळवून सरकणारा माउंट दुर्बीण लक्ष्यावर रोखून धरतो आणि थंड ठेवलेला कॅमेरा काही मिनिटांची एकेक फ्रेम टिपत राहतो. शेकडो फ्रेम एकावर एक रचल्या की तेजोमेघाचा प्रकाश साचतो, गोंगाट त्या मानाने मागे पडतो. हिशेब मात्र कडक आहे: चित्र दुप्पट स्वच्छ हवे तर वेळ चौपट द्यावा लागतो. झाकण लावून घेतलेल्या ‘डार्क’ आणि एकसारख्या उजेडात घेतलेल्या ‘फ्लॅट’ फ्रेमनी कॅमेऱ्याचे व धुळीचे दोष काढले जातात. आयनीभूत ऑक्सिजनचा, म्हणजे ५००.७ नॅनोमीटरच्या आसपासचाच प्रकाश आत सोडणारा फिल्टर शहरी झगमगाटही बराचसा गाळतो. देवयानीच्या त्या चित्राचे एकूण एक्स्पोजर शंभर तासांवर गेले होते.

या चित्रांचे रंग खोटे असतात, असा आक्षेप नेहमीचा आहे. अरुंद पट्ट्याच्या फिल्टरमधून आलेल्या प्रकाशाला रंग छायाचित्रकार नेमून देतो, हे खरेच. पण रंग बदलला म्हणून कमान उगवत नाही. वेगळ्या ठिकाणांहून, वेगळ्या दुर्बिणींतूनही ती दिसली आणि मगच तिचा शोध प्रसिद्ध झाला. दुसरा आक्षेप नशिबाचा. अर्जेंटिनातील व्हिक्टर बुसो २०१६ मध्ये नवा कॅमेरा तपासत असताना एनजीसी ६१३ दीर्घिकेत अतिनवतारा उजळू लागला. योगायोग मोठाच, पण ओळीने घेतलेल्या फ्रेम हाती नसत्या, तर पहिल्या मिनिटांतली तेजोवृद्धी मोजताच आली नसती.

स्वयंचलित सर्वेक्षणे आता हौशींना निकामी करतील, हा तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार. अवकाशात अचानक घडणाऱ्या घटना टिपण्यात ती पुढे जातील, यात शंका नाही. तरी ऑक्सिजनच्या एकाच रेषेत विस्तीर्ण आकाश तासन् तास पाहणे, हे त्यांचे मुख्य काम नव्हे. अर्थ लावताना मात्र हौशी निरीक्षकाला व्यावसायिकाची गरज पडते: देवयानीची कमान आपल्याच आकाशगंगेतली असावी, हा कौल नंतरच्या वर्णपटांनी दिला. मृगातील तेजोमेघाच्या छायाचित्रासाठी अँड्र्यू कॉमन या हौशी निरीक्षकाला लंडनच्या रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने १८८४ मध्ये सुवर्णपदक दिले होते. त्याच्या आजच्या वारसांची चित्रे केवळ भिंतीवर लावण्यापुरती समजणे हे पुराव्याला धरून नाही.