सात बटणांतले सप्तक

31 जुलै 1995 रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीला केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांना भारतातला पहिला मोबाईल कॉल केला. तिथपासूनचा इतिहास आपल्याकडे बहुतेक वेळा घसरत्या दरांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. 1 मे 2003 पासून येणारे कॉल मोफत झाले, हँडसेट आवाक्यात आले, मग इंटरनेट आले. हे सगळे खरे आहे, पण त्यात रिंगटोनची नोंद झालीच तर तरुण पोरांची हौस म्हणून होते. मला ही हौस याहून मोलाची वाटते. साध्या फोनमधल्या ‘कंपोझर’ने संगीताशी काडीचा संबंध नसलेल्या माणसाच्या हाती सूर लिहिण्याचे साधन दिले होते. पुढे फोनचा आवाज जसजसा सुधारला, तसतसे ते साधन त्याच्या हातून निसटत गेले.

या सोयीची गरज अगदी व्यावहारिक होती. 1994 मध्ये नोकियाने आपल्या फोनमध्ये जी धून घातली ती फ्रान्सिस्को तारेगा या स्पॅनिश गिटारवादकाच्या ‘ग्रान व्हाल्स’मधली. ती इतकी पसरली, की एस.टी.त एक फोन वाजला तर चार जण खिसे चाचपत. आपला फोन ओळखू यायचा तर त्याची धून वेगळी हवी. 2000 साली आलेल्या नोकिया 3310 मध्ये त्यासाठी जी योजना होती, ती मराठी कानाला फारशी शिकवावी लागत नव्हती. 1 ते 7 या बटणांवर सात शुद्ध स्वर क्रमाने बसवलेले: 1 म्हणजे सा, 2 रे, 3 ग, असे 7 वर नी. पाश्चात्त्यांचे सी मेजर म्हणजेच आपला बिलावल, आणि संगीतशास्त्रज्ञ भातखंडे यांनी शुद्ध स्वरांचे सप्तक म्हणून बिलावलच पायाशी धरला. 8 ने स्वर आखूड होई, 9 ने लांबे, शून्याने विराम मिळे, तारांकित बटणाने सप्तक बदले. # दाबले की स्वर अर्धा चढे. मात्र 3 आणि 7 वर तो चढत नसे, कारण ग आणि म, नी आणि वरचा सा यांच्यामध्ये बसायला स्वरच नाही. पेटीवर तिथे काळी पट्टी नसते, ती याच कारणाने. भूपातले गाणे हवे तर 1, 2, 3, 5, 6 एवढी बटणे पुरत. भैरवाच्या सुरावटीसाठी कोमल रिषभ 1 चढवून आणि कोमल धैवत 5 चढवून मिळवावा लागे. हे करता करता कोमल स्वर नेमका कुठे राहतो, हे बोटांना कळत होते. व्याकरणाची ही ओळख कोणत्याही वर्गाशिवाय, कोणत्याही शुल्काशिवाय होत होती, आणि तयार झालेली धून एसएमएसने दुसऱ्या नोकियावर धाडताही येत होती.

यावर पहिला आक्षेप असा, की स्वतः रचणारे किती? बहुतेकांनी कुणीतरी कागदावर उतरवून दिलेले आकडे तसेच्या तसे दाबले. हे मान्य करायलाच हवे. पण नकलेला कमी लेखण्याचे कारण नाही. भातखंडे यांनी घराण्यांच्या तोंडी असलेल्या बंदिशी स्वरलिपीत छापल्या, तेव्हा वाचणाऱ्याने आधी त्या उतरवाव्यात, गिरवाव्यात, हीच अपेक्षा होती. आकडे उतरवताना एक चुकला की धून बिघडे, आणि कुठे बिघडली हे कान सांगे. मग माणूस मागे जाऊन 8 किंवा 9 दाबून पाही. कागदावरची नक्कल इथे ऐकण्याची तालीम होऊन जाई. दुसरा आक्षेप अधिक खरा आहे: एका वेळी एकच स्वर, ना एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकणारी मींड, ना गमक, ना श्रुती. अशा किरकिऱ्या आवाजाला संगीत म्हणावे का? पण धून एवढी उघडी पडल्यावर तिच्यात काय उरते, हे त्यातच कळत होते. मींडेवर उभे असलेले गाणे त्या फोनवर कोसळे, ठसठशीत चालीचे गाणे टिके.

नंतरचा प्रवास भराभर झाला. विक्रीची वाट आधीच खुली झाली होती. 1998 मध्येच फिनलंडच्या रेडिओलिन्या कंपनीने रिंगटोन विकायला सुरुवात केली होती. 2002 च्या नोकिया 3510 सारख्या फोनांनी अनेक स्वर एकत्र वाजवले, आणि बटणावर एकेक स्वर दाबून तशी धून रचणे शक्य राहिले नाही. एमपीथ्री आल्यावर गावोगावच्या मोबाईल दुकानांत मेमरी कार्डात गाणी भरून मिळू लागली. निवड अफाट वाढली आणि काम ऐकण्यापुरते उरले. कॉलर ट्यूनने तर शेवटचे टोक गाठले. ती फोनच्या मालकाला ऐकूच येत नाही, ती फोनमध्ये नसते, कंपनीच्या यंत्रणेत असते आणि तिचे भाडे द्यावे लागते. नकळत सुरू झालेल्या अशा सेवांच्या तक्रारी इतक्या झाल्या, की दूरसंचार नियामक ट्रायला 2013 मध्ये ग्राहकाची दुहेरी संमती सक्तीची करावी लागली. 2020 मध्ये करोनाचा संदेश सर्वांच्या कॉलवर वाजला. तो गरजेचा होता, पण त्या जागेवर ताबा कुणाचा हेही त्यातून दिसले.

आज फुकटच्या ॲपवर अख्खा वाद्यवृंद रचता येतो, मग रडायचे कशाला, असे कुणी विचारील. ज्याला रचायचे आहे त्याला आज कितीतरी अधिक मिळते, यात शंका नाही. पण तो आधीच ठरवून शोधायला निघालेला असतो. कंपोझर न शोधता सापडत असे. घड्याळाच्या गजराच्या आणि खेळांच्या आसपास, त्याच मेनूत, नेटवर्क नसतानाही. रात्रपाळीचा वॉचमन किंवा गिऱ्हाइकाची वाट पाहणारा रिक्षावाला तिथे सहज पोचू शकत होता. साधे बटणांचे फोन आजही विकले जातात आणि त्यांतल्या अनेकांत रेडिओ, टॉर्च, कॅमेरा सगळे असते. त्या मेनूत कंपोझर पुन्हा घालायला कंपन्यांना जवळजवळ काहीच खर्च नाही. आता तर बटणांवर सा रे ग म लिहून, कोमल रिषभ थेट दाबता येईल आणि दोन स्वरांमध्ये मींड घेता येईल असा तो करता येईल, आणि तसाच तो मागायला हवा.