एका थेंबात हार्ट अटॅक ओळखणारी चिप अजून घरात का आली नाही?

मागच्या पावसाळ्यात रात्री अकराच्या सुमारास माझ्या काकांच्या छातीत दुखायला लागलं. तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. ईसीजीत ठळक काही दिसलं नाही, म्हणून डॉक्टरांनी ट्रोपोनिनची टेस्ट केली. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की हे प्रोटीन रक्तात उतरतं. पहिला रिपोर्ट नॉर्मल आला. "तीन तासांनी परत रक्त घेऊ," डॉक्टर म्हणाले. मी बाहेर बाकावर मोबाईल घेऊन बसलो. डोक्यात एकच प्रश्न होता: काकांची शुगर घरच्या मशीनवर काही सेकंदांत कळते, मग हे का नाही?

उत्तर आकड्यांत आहे. शुगर १०० आली म्हणजे १ मिलिलिटर रक्तात १ मिलिग्रॅम ग्लुकोज. ट्रोपोनिन-टीच्या हाय-सेन्सिटिव्हिटी टेस्टमध्ये नॉर्मलची वरची मर्यादा आहे १ मिलिलिटरमागे १४ पिकोग्रॅम. म्हणजे साखरेच्या साधारण ७ कोटीव्या भागाइतकं! वारीच्या गर्दीत हरवलेला एक माणूस शोधायचा, तसं हे काम.

इथे कार्बन नॅनोट्यूबचा ट्रान्झिस्टर येतो. तुमच्या फोनच्या चिपमध्ये अब्जावधी ट्रान्झिस्टर आहेत. प्रत्येकाला पाण्याचा नळ समजा: 'गेट' म्हणजे तोटी, तिच्यावरच्या व्होल्टेजने करंट कमी-जास्त होतो. १९९८ मध्ये नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या संशोधकांनी सिलिकॉनच्या जागी एकच नॅनोट्यूब वापरून असा ट्रान्झिस्टर बनवला. ही नळी म्हणजे कार्बनच्या अणूंची जाळी गुंडाळून केलेली सुरळी, जाडी सुमारे १ नॅनोमीटर. केस तिच्या ८०-९० हजार पट जाड असतो.

गंमत अशी की एकपदरी नळीचा प्रत्येक अणू पृष्ठभागावरच असतो. आत लपलेलं काहीच नाही. त्यामुळे जवळ एखादा विद्युतभारित रेणू येऊन बसला तरी करंट हलतो. मग तोटी आपण फिरवायचीच नाही, ती आजाराला फिरवू द्यायची! नळीवर ट्रोपोनिनलाच पकडणारी अँटिबॉडी चिकटवा. प्रोटीन अडकलं की करंट बदलणार. रंग नको, मोठं मशीन नको. २००३ मध्ये डेल्फ्टच्याच गटाने नळीवर ग्लुकोजचं एन्झाइम बसवून असा सेन्सर चालवून दाखवला. २०२१ मध्ये अमेरिकेत पिट्सबर्ग विद्यापीठातल्या गटाने याच पद्धतीने कोविडचे अँटिजन पकडले.

मग अडलं कुठे? रक्तात. आपलं रक्त खारट असतं. ट्रोपोनिनवर विद्युतभार असला तरी मिठाचे आयन त्याच्याभोवती लगेच कडं करतात, जसे नेत्याभोवती कार्यकर्ते. बाहेरून नेता दिसतच नाही. रक्ताइतक्या खारट द्रवात ०.७ नॅनोमीटरच्या पलीकडे तो भार जवळजवळ झाकला जातो. या अंतराला डिबाय लेंथ म्हणतात. आणि अँटिबॉडीची उंची? सुमारे १० नॅनोमीटर. म्हणजे तिच्या टोकाला ट्रोपोनिन अडकलंय, आणि खाली नळीला पत्ताच नाही. मला तर हे वाचून हसूच आलं. इतका तिखट कानाचा सेन्सर, आणि मीठ त्याचे कान बंद करतं.

प्रयोगशाळेत यावर सोपा उपाय आहे: नमुना पातळ करा, मीठ कमी होतं. पण घरी अर्ध्या रात्री थरथरत्या हाताने कोण मोजून पातळ करणार? म्हणून अँटिबॉडीऐवजी तिचा तुकडा किंवा डीएनएचे छोटे अ‍ॅप्टामर वापरतात, म्हणजे पकड नळीच्या जवळ येते. काही जण नळीवर पॉलिमरचा पातळ थर देतात. त्याने भार थोडा लांबून जाणवतो. माझ्या मते खरी आशा या कामात आहे, आणखी बारीक सेन्सर बनवण्यात नाही.

दुसरी कटकट अल्ब्युमिनची. रक्तात हे प्रोटीन मिलिलिटरला ४० मिलिग्रॅमच्या आसपास असतं, आपल्या १४ पिकोग्रॅमच्या जवळपास ३०० कोटी पट. ते दिसेल तिथे चिकटतं, आणि नळीला वाटतं पाहुणा आला.

शिवाय नळ्या तयार होतात तेव्हा साधारण एक तृतीयांश धातूसारख्या निघतात. त्यांचा नळ बंदच होत नाही. त्या निवडून काढाव्या लागतात. यात प्रगती मोठी आहे: २०१३ मध्ये स्टॅनफर्डच्या नॅनोट्यूब कॉम्प्युटरमध्ये १७८ ट्रान्झिस्टर होते, २०१९ मध्ये एमआयटीच्या प्रोसेसरमध्ये १४ हजारांहून जास्त. पण शुगरच्या पट्टीसारखी स्वस्त, आणि प्रत्येक चिप सारखंच उत्तर देणारी, हे वेगळं काम आहे.

म्हणून 'एका थेंबात कॅन्सर ओळखणारी चिप' असा फॉरवर्ड आला की मी आधी एवढंच शोधतो: चाचणी कशात झाली? 'बफर' लिहिलं असेल तर ते बनवलेलं, बहुतेकदा पातळ मिठाचं पाणी. 'सिरम' किंवा 'होल ब्लड' असेल तर पुढे वाचतो.

एक गोष्ट मात्र त्या रात्री डॉक्टरांनीच समजावली. इजा झाल्यावर ट्रोपोनिन वाढायलाच काही तास लागतात, त्यामुळे कितीही भारी चिप असती तरी दुसऱ्यांदा मोजावंच लागलं असतं. पहाटे दोनला घेतलेल्या रक्तात ते वाढलेलं निघालं. उजाडायच्या आत काका अ‍ॅम्ब्युलन्समधून जिल्ह्याच्या ठिकाणी गेले, दुपारी स्टेंट बसला. आता रोज सकाळी शुगर मोजतात आणि मला विचारतात, "तुझं ते दुसरं मशीन आलं का रे?"