थिंबल दाबण्याचे शास्त्र

निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षपट्ट्यात थंडीचा पारा पाच अंशांच्या आसपास उतरला म्हणजे, ब्लोअर जोडून पहाटे फवारणीस निघावयाचा ट्रॅक्टर नेमका त्याच वेळी सेल्फ घेईनासा होतो. आणि मग पाहणारा शेजारी असो की गावातला मिस्त्री, निवाडा बहुधा एकच पडतो, की बॅटरी उतरली. थंडीत शिशाच्या बॅटरीतील रासायनिक क्रिया मंदावते आणि इंजिनातले तेलही दाट होते, ही गोष्ट खरी. परंतु नवी बॅटरी बसवल्यावरही इंजिन कण्हतच राहते, तेव्हा कसूर बॅटरीची नसून केबलच्या टोकाशी असलेल्या बोटभर तांब्याच्या नळीची, म्हणजे थिंबलची, असू शकते, याची रुजुवात करण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही.

हिशेब साधा आहे. ३५ चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या केबलचा रोध मीटरमागे सुमारे अर्धा मिलिओहम, म्हणजे जवळजवळ नगण्य. पण तिच्या टोकाचा सांधा ढिला राहून तेथे पाच मिलिओहमचा रोध उत्पन्न झाला, तर सेल्फ दोनशे अँपिअर मागतो त्या क्षणी पुरा एक व्होल्ट त्या सांध्यातच गडप होतो आणि दोनशे वॉट उष्णता तेथे निर्माण होते. ट्रॅक्टरचे हे संकट काही सेकंदांचे. घरच्या इन्व्हर्टरला मात्र साठ अँपिअरचा प्रवाह तासन्‌तास ओढावा लागतो, आणि तशाच सदोष सांध्यात तेवढा सारा वेळ अठरा वॉट उष्णता साचत राहिली, तर केबलचे आवरण मऊ पडून काळवंडते.

थिंबलला डाख द्यावा की ती दाबून बसवावी, हा वाद दुकानांतून अद्याप मिटलेला नाही. माझा कौल दाबण्याच्या बाजूने आहे, आणि त्यास कारणे आहेत. कथील-शिशाचा नेहमीचा डाख १८५ अंशांच्या सुमारास वितळू लागतो, तर तांबे वितळण्यास १०८५ अंश लागतात. शिवाय वितळलेला डाख तारांमधून वर चढतो, तेवढा भाग ताठ होतो आणि इंजिनाच्या कंपनांनी नेमका त्याच सीमेवर तारा तुटू लागतात. विमानांना हा धोका परवडणारा नव्हता. अमेरिकेत १९४१ साली स्थापन झालेल्या ‘एअरक्राफ्ट मरीन प्रॉडक्ट्स’ या कंपनीने विमाने व जहाजे यांच्यासाठी डाखाविना बसणारी टोके बनवण्याचाच व्यवसाय मांडला होता. पुढे विमानांच्या तारांची टोके दाबूनच बसवण्याचा प्रघात जगभर रूढ झाला; आणि आपल्या ओझरला १९६४ पासून उभ्या असलेल्या विमान कारखान्याचे जग, म्हणजे तिथल्याच महामार्गावरून द्राक्षे वाहणाऱ्या ट्रॅक्टरचे शेजारी जग, या विद्येवाचून चालत नाही.

आता त्या नळीत घडते काय? एकसारख्या गोल तारा कितीही घट्ट रचल्या, तरी छेदाची निदान नऊ टक्के जागा रिकामी राहणे ही भूमितीची अपरिहार्यता आहे, आणि प्रत्यक्षातली जुडी त्याहून पुष्कळ विरळ असते. दाब स्थितिस्थापकतेच्या मर्यादेपलीकडे गेला की तांबे न तापताच सरकू लागते, गोल तारा एकमेकींवर घासून बहुकोनी होतात, त्यांवरील ऑक्साइडचा पातळ पापुद्रा फाटतो, आणि उघडे तांबे उघड्या तांब्याला असे भिडते की हवा, ओल वा आम्लाची वाफ आत शिरण्यास वाटच उरत नाही. दाब कमी पडला तर पोकळ्या राहतात व त्यांतून गंज आत सरकतो. अति झाला तर तारा चेपून कापल्या जातात. यातली खोच अशी की, ओढ सहन करण्याची शक्ती दाब वाढवू तसतशी वाढत जाऊन एका टप्प्यानंतर घसरू लागते, आणि विद्युत्‌रोध मात्र त्याही पुढे थोडा दाबल्यावर किमान होतो. म्हणून योग्य दाब हा या दोहोंमधील तडजोडीचा अरुंद पट्टा असतो. छिन्नी आणि हातोडा यांच्या साह्याने तो पट्टा गाठणे हा निव्वळ योगायोग होय, आणि तरीही हा दस्तूर पुष्कळ ठिकाणी सुखेनैव चालू आहे.

थिंबल दाबण्याचे खरे हत्यार, म्हणजे दोन लांब मुठींचे क्रिंपिंग टूल, हे तत्त्वतः अडकित्त्याचेच भावंड. फरक इतकाच की येथे तरफेला तरफ जोडलेली असल्याने मुठी जवळ येत जातात तसतसा जबड्यावरील दाब झपाट्याने वाढतो. थिंबलवर ‘३५-८’ असे कोरलेले असेल तर ती ३५ चौरस मिलिमीटरच्या केबलसाठी व ८ मिलिमीटरच्या बोल्टसाठी आहे असे समजावे, आणि जबड्यात बसणारी डाय, म्हणजे दाबण्याचा साचा, हीही त्याच आकड्याची लावावी. मोठ्या थिंबलला लहान डाय लावली तर दोन्ही कडांना तांब्याचे कान फुटतात. ते कानशीने घासून लपवण्यापेक्षा टोक कापून सांधा नव्याने करावा. दात्यांची खटकी असलेले हत्यार पूर्ण दाब पडल्यावाचून उघडत नाही. ती त्याची खोड नव्हे, तोच बंदोबस्त आहे. तो मोडण्यासाठी खटकी काढून टाकणारे, किंवा मुठीला पाइप अडकवून जोर वाढवणारे, हत्याराचे आणि कामाचे एकदमच नुकसान करतात.

देखभालीचा तपशील थोडका आहे: डायमधील तांब्याचा चुरा ब्रशाने काढावा, खिळीच्या सांध्यांना तेलाचा एखादा थेंब द्यावा, पण डायच्या तोंडाला तेल लागू देऊ नये, आणि मुठी पूर्ण मिटल्यावर डायच्या कडा पूर्वीइतक्याच जवळ येतात की नाही याची अधूनमधून खातरजमा करावी. जॅकप्रमाणे तेलाच्या दाबावर चालणारे हत्यार असेल तर गळती बोटाने कदापि चाचपू नये. सूक्ष्म छिद्रातून सुटलेली तेलाची धार कातडीतून आत घुसते.

सर्वांत मोठी ताकीद बॅटरीविषयीच आहे. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि हवेत त्याचे प्रमाण चार टक्के झाले की ठिणगी पुरते. म्हणून केबल सोडवून दूर न्यावी आणि थिंबल तेथेच दाबावी. मुठीवरील रबर पकडीसाठी असते, विजेपासून संरक्षणासाठी नव्हे. अंगठी व धातूचा घड्याळपट्टा काढून ठेवावा, डोळ्यांना चष्मा लावावा, आणि दोन मुठींच्या मध्ये बोट येणार नाही असे उभे राहावे. वाहनात ऋण टोक प्रथम सोडावे व शेवटी जोडावे. कारण ते बहुधा सांगाड्याला जोडलेले असते, आणि ते सुटलेले असेल तर धन टोकावरचा पान्हा सांगाड्याला टेकला तरी मंडल पुरे होत नाही.

काम झाल्यावर केबल हाताने जोरात ओढून पाहावी. मग मल्टिमीटरची एक सुई बॅटरीच्या खुंट्यावर व दुसरी त्याच केबलच्या सेल्फकडील थिंबलवर ठेवून कोणास तरी सेल्फ मारावयास सांगावे: आकडा अर्ध्या व्होल्टाच्या वर गेला, तर नव्या बॅटरीचे पैसे मोजण्यापूर्वी केबल आणि तिचे सांधे तपासून घ्या.