तगरचं कापड, पॉम्पेईचा चौक

युरोपच्या सहलीला निघालेल्या सोलापूरकराच्या कार्यक्रमात रोम असतंच, आणि रोममध्ये फोरमही असतो. मोडके खांब, झिजलेल्या पायऱ्या, कॅमेरे सरसावून उभी राहिलेली गर्दी. फोरम म्हणजे शहराचा मुख्य चौक. देवळं, न्यायनिवाडा, सभा, सावकारी आणि बाजारहाट, सगळं तिथेच. त्या चौकात जगभरचा जो माल येऊन पडत होता, त्याचं एक मूळ आपल्या उंबऱ्याशी आहे. सोलापूरहून तुळजापूर, धाराशिव करत तेर गाठायला दोन-अडीच तास पुरतात, तरी तेर न पाहताच रोमला जाऊन आलेले लोक मला नेहमी भेटतात. त्यांनी फोरम अर्धाच पाहिला, असं माझं स्पष्ट मत आहे.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात ईजिप्तमधल्या कुणा ग्रीकभाषक व्यापाऱ्याने ‘पेरिप्लस’ नावाची दर्यावर्दी टिपणवही लिहिली. तो लिहितो, की भडोचच्या दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर नावाचं फार मोठं शहर. पैठणहून अकीक येतो आणि तगरहून साधं कापड, तलम मलमलीचे नाना प्रकार आणि पूर्व किनाऱ्याकडून आलेला इतर माल. हे सगळं धड रस्ता नसलेल्या मुलखातून गाड्यांवर लादून भडोच बंदरात उतरतं. चादरी-टॉवेलांच्या या जिल्ह्याने हे टिपण पाठ करून ठेवावं असं आहे. गिरण्या एकोणिसाव्या शतकात आल्या, पण या भागातलं कापड परमुलखात जाऊ लागलं त्याला दोन हजार वर्षं होत आली.

हे तगर नेमकं कुठलं, यावर विद्वानांचा बराच काळ वाद चालला. कुणी जुन्नर म्हणे, कुणी देवगिरी, कुणी धारूर. 1901 मध्ये जे. एफ. फ्लीट यांनी तगर म्हणजेच तेर असं मांडलं. पाठोपाठ हेन्री कझिन्स गावात आले आणि त्यांनी त्रिविक्रमाच्या देवळाकडे अभ्यासकांचं लक्ष वेधलं. या विटांच्या देवळाची मागची बाजू हत्तीच्या पाठीसारखी गोल आहे. मूळची ही वास्तू बौद्ध चैत्य असावी, असं बहुतेक अभ्यासक मानतात. 1958 मध्ये बा. ना. चापेकरांनी इथे उत्खनन केलं. तेरणा नदीच्या काठच्या पांढरीतून, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडातून, सातवाहनकाळाचे थरच्या थर वर आले.

पण तेरचं खरं ऋण आहे ते रामलिंगप्पा लामतुरे यांचं. हा गावातलाच माणूस. पावसाने उघडी पडलेली मातीची चित्रं, मणी, नाणी, शंखाच्या बांगड्या त्याने वर्षानुवर्षं गोळा केल्या आणि जपल्या. आज गावातलं शासकीय संग्रहालय त्यांच्याच नावाने आहे. तिथे दोन साच्यांतून काढलेल्या पांढऱ्या मातीच्या मूर्ती पाहा. ही घडणीची रीत रोमन जगाशी नातं सांगते. रोमन नाण्यांवरून उठवलेल्या मातीच्या चकत्या पाहा. आणि दागिन्यांनी मढलेली ती हस्तिदंती स्त्रीमूर्ती तर चुकवूच नका.

तिची बहीण 1938 मध्ये पॉम्पेईत सापडली. इ. स. 79 मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या घरातून अमेदेओ मायुरी यांनी ती बाहेर काढली. उंची वीतभरापेक्षा थोडी जास्त, अंगावर ठसठशीत दागिने, दोन बाजूंना दोन दासी. डोक्यातून उभं भोक आहे, म्हणजे ती एखाद्या सामानाचा पाय किंवा आरशाची मूठ असावी. आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तळाशी खरोष्ठी अक्षर असल्याने काही अभ्यासक वायव्य भारताकडे बोट दाखवतात. उलट, तेर आणि भोकरदनच्या मूर्तींशी असलेलं साम्य पाहून म. के. ढवळीकरांनी तिचं माहेर दख्खनेत शोधलं. मला ढवळीकरांचं म्हणणं पटतं.

ती ज्या घरात सापडली ते घर ज्या रस्त्यावर आहे, तो रस्ता थेट पॉम्पेईच्या फोरममध्ये निघतो. कोपऱ्यावरच युमाकिया नावाच्या धनाढ्य बाईने बांधलेली भव्य इमारत आहे. तिथे तिचा पुतळा उभारला तो कापड धुऊन-खळून देणाऱ्या कारागिरांनी. समोरच्या बाजूला मापांचा दगडी ओटा आहे. त्यात लहानमोठे खळगे कोरलेले असून प्रत्येकाच्या तळाला भोक आहे. धान्य काठोकाठ भरायचं आणि खालचं बूच काढून गिऱ्हाइकाच्या पिशवीत सोडायचं. ऑगस्टसच्या काळात जुनी स्थानिक मापं बदलून ती रोमच्या मापाशी जुळवली गेली. मापात पाप नको म्हणून अडत बाजारात जी सोय लागते, तीच इथे दगडात घडवलेली आहे.

याच व्हेसुव्हियसच्या उद्रेकात मरण पावलेल्या थोरल्या प्लिनीने लिहून ठेवलंय, की भारत दरसाल रोमन साम्राज्याचे पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो. आकडा फुगवलेला असेलही, पण तक्रार खरी होती. कोल्हापुरात ब्रह्मपुरीच्या टेकाडावर 1940च्या दशकात ग्रीक समुद्रदेव पोसायडनची रोमन बनावटीची ब्राँझची मूर्ती निघाली. तिकडून इकडे काय काय येत होतं, हे त्यावरून कळतं.

तेरची पांढर अजून पुरती उलगडलेली नाही. तिच्यावर घरं आहेत, शेती आहे, आणि दर पावसाळ्यात थोडी माती तेरणेत जाते. इथल्या संत गोरोबाकाकांच्या दर्शनाला दरवर्षी हजारो माणसं येतात. त्यांतल्या प्रत्येकाने जाता-जाता संग्रहालयात अर्धा तास घालवावा. आणि ज्यांच्या शेतात, पायाच्या खणतीत एखादा मणी, नाणं किंवा मातीचं चित्र निघेल, त्यांनी ते विकू नये, घरातही ठेवू नये. लामतुऱ्यांच्या संग्रहालयात नेऊन द्यावं आणि ते नेमकं कुठे सापडलं, तेही सांगावं.